कॅरेक्टर ताकदवान असू दे, पण समोरच्याचं उत्तर समोरच्याला लिहू द्या

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे ज्यांनी तो वाचला नसेल त्यांनाही कळेल. सतराव्या शतकातला सह्याद्री, त्यात थोडी मंत्रतंत्राची भर, अशा एका मराठी टेक्स्ट रोलप्लेमधे (प्रत्येक जण आपापलं कॅरेक्टर घेऊन पोस्ट लिहितो आणि सगळे मिळून कथा खेळतात) प्रश्न विचारणाऱ्यांनी रुद्राजी नावाचं कॅरेक्टर बनवलं. वय 22, हुद्दा सरनोबत म्हणजे घोडदळाचा मुख्य, दांडपट्ट्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, जंगलातली जनावरं त्याचं ऐकतात, जखमा रातोरात भरून येतात. मॉडने, म्हणजे खेळ सांभाळणाऱ्या मॉडरेटरने, कॅरेक्टरची माहिती लिहिलेली शीट परत पाठवली, ‘ओपी आहे, कमी करा’ एवढंच लिहून (ओपी म्हणजे ओव्हरपॉवर्ड, प्रमाणाबाहेर ताकदवान). थोडं कमी केल्यावर शीट पास झाली, पण पहिल्याच लढाईच्या थ्रेडमधे (एका प्रसंगाच्या सलग पोस्टमधे) समोरच्या दोघांनी रिप्लाय देणं बंद केलं आणि तिसऱ्याने गॉडमोडिंगची, म्हणजे दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं काय झालं ते आपणच ठरवून टाकण्याची, तक्रार केली. आता यांचं म्हणणं असं की मला पराक्रमी माणूसच लिहायचाय, रडका नाही, मग मी करू काय, आणि फेअर खेळायचं म्हणजे मुद्दाम हरायचं का?

मुद्दाम हरायची गरज नाही, हे आधी सांगून टाकतो. मी बरीच वर्षं टेक्स्ट रोलप्ले लिहितोय आणि त्यातली बरीचशी मॉड म्हणून गेली, म्हणजे लोकांच्या शीट वाचायच्या, थ्रेडमधली भांडणं सोडवायची, कोण का सोडून गेलं ते विचारायचं. सोडून गेलेल्यांशी बोललं की जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट पुढे येते. ‘त्याचं कॅरेक्टर फार स्ट्राँग होतं’ असं ते सुरुवातीला म्हणतात, पण जरा खोदून विचारलं की कळतं, त्यांना स्वतःच्या कॅरेक्टरचं काही लिहायलाच उरलं नव्हतं. समोरून आलेल्या पोस्टमधे वारही होता, तो लागलाही होता, त्यांचा माणूस खाली पडला होता, आणि त्याला मनातून काय वाटलं तेसुद्धा लिहून झालं होतं. मग त्याने रिप्लायमधे लिहायचं काय? तुमच्या थ्रेडमधे हेच झालं असणार असा माझा अंदाज आहे, तुम्ही पेस्ट केलेल्या तीन ओळींवरून तरी तसंच दिसतंय.

तर खरा प्रश्न रुद्राजी किती ताकदवान आहे हा नाहीच. त्या ताकदीचा निकाल कोण लिहितोय, हा प्रश्न आहे.

पण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं नियमासारखं वाटेल. दोघांचाच रोलप्ले असेल आणि दोघांनी आपसात ठरवलं असेल की आपण महाबली माणसं लिहायची, तर तिथे ओपी हा शब्दच लागू होत नाही. जिथे सगळेच देव किंवा राक्षस आहेत तिथे रुद्राजी दुबळा ठरेल. काही सर्व्हरवर डाइसचा, म्हणजे फासे टाकणारा, बॉट असतो, वार लागला की नाही ते आकडा सांगतो, तिथे गॉडमोडिंगला जागा कमी, पण शीटमधले आकडे फुगवायचा मोह जास्त. मॉडने एखाद्या इव्हेंटसाठी आणलेला खलनायक मुद्दाम सगळ्यांना भारी ठेवलेला असतो, त्याचं कामच ते आहे. आणि जिथे लढाया नसतातच, वाड्यातलं राजकारण, सोयरीक, देणंघेणं असला खेळ असतो, तिथे ताकद वेगळ्या वाटेने येते, त्यावर पुढे येतो. मी जे लिहितोय ते मुख्यतः तुमच्यासारख्या सेटिंगसाठी, म्हणजे मोकळं लिखाण, डाइस नाही, तीन-चार किंवा जास्त खेळाडू.

आता डाइस नसल्याने काय फरक पडतो ते बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 मधे आला तेव्हा त्यात फासे होते, नियमांची पुस्तकं होती आणि टेबलाशी बसलेला एक माणूस निकाल सांगायचा. 1978 मधे इंग्लंडमधल्या एसेक्स युनिव्हर्सिटीत मड नावाचा खेळ सुरू झाला, अनेक जण एकाच वेळी टाइप करून खेळायचे, तिथे निकाल कंप्युटर लावायचा. म्हणजे दोन्हीकडे तिसरा कुणीतरी होता. आपल्या मोकळ्या रोलप्लेमधे तो तिसरा नसतोच, मॉड असतो पण तो प्रत्येक पोस्टला निकाल द्यायला बसत नाही. मग न्याय कुठून येणार? प्रत्येक जण आपल्या पोस्टमधे दुसऱ्यासाठी जी जागा सोडतो तिथूनच. म्हणून ह्या गोष्टीचा मला एवढा आग्रह आहे, कारण इथे जागा सोडणं हाच एकमेव नियम उरतो आणि तो मोडला की खेळच उरत नाही, एकट्याची कथा उरते.

तुमच्या थ्रेडमधलं वाक्य घेऊ. ‘रुद्राजीने पट्टा फिरवला, यशवंताच्या हातातली तलवार उडून पडली आणि तो गुडघ्यांवर कोसळला, त्याच्या डोळ्यांत भीती दाटली.’ यशवंत दुसऱ्याचं कॅरेक्टर आहे. ह्या एका वाक्यात तुम्ही त्याच्याबद्दल चार गोष्टी ठरवल्या, वार लागला, शस्त्र गेलं, तो पडला, तो घाबरला. आता हेच असं लिहून बघा: ‘रुद्राजीने पट्टा खालून वर घेतला, नेम यशवंताच्या मनगटावर. एवढा लांबचा हात टाकायचा तर पाऊल पुढे टाकावं लागलं आणि क्षणभर त्याची उजवी बरगडी उघडी पडली.’ रुद्राजी तितकाच तरबेज आहे, उलट जास्तच वाटतो कारण त्याचा नेम आणि हिशोब दिसतो. पण आता यशवंत लिहिणाऱ्याकडे तीन-चार वाटा आहेत. तो मनगटावर वार घेऊन तलवार सोडू शकतो, मागे सरकू शकतो, किंवा बरगडीकडे घुसू शकतो. मी नवीन लोकांना सांगतो की वार लिहिताना दोन गोष्टी द्या, एक म्हणजे काय करायचा प्रयत्न आहे ते, आणि दुसरी म्हणजे त्यासाठी तुम्ही काय उघडं टाकलंत ते. दुसरी गोष्ट लोक विसरतात. नुसतं ‘वार करायचा प्रयत्न केला’ असं लिहिलं की तांत्रिकदृष्ट्या फेअर झालं, पण समोरच्याला धरायला काही मिळत नाही.

पोस्ट टाकायच्या आधी एक सवय लावून घ्या. आपली पोस्ट वाचताना ज्या ज्या वाक्याचा कर्ता दुसऱ्याचं कॅरेक्टर आहे ते वाक्य वेगळं काढा. ‘यशवंत कोसळला’, ‘गंगूबाई गप्प झाली’, ‘सगळे मावळे त्याच्याकडे बघत राहिले’. ह्यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही लिहायचा हक्क नसलेलं आहे, जोवर समोरच्याने आधी होकार दिला नाही तोवर. काही वाक्यं इतकी बारीक असतात की चालून जातात, जसं ‘यशवंत दारातून आत आला तेव्हा’ कारण ते त्यानेच आधी लिहिलेलं असतं. बाकीची काढून टाका किंवा बदला. सवय झाली की वेळ लागत नाही.

ह्या सवयीने एक गोष्ट पकडली जाते जी लढाईच्या नियमांत कधी लिहिलेली नसते आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. दुसऱ्याच्या भावना लिहिणं. ‘त्याला पाहताच दरबारात शांतता पसरली.’ ‘तिच्या रूपाने सगळ्यांची नजर खिळली.’ ‘त्याच्या आवाजात अशी जरब होती की कुणाची मान वर करायची हिंमत झाली नाही.’ इथे कुणी कुणाला मारलेलं नाही, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं ह्यात काय वाईट, वर्णनच तर आहे. पण त्या दरबारात सहा जण खेळतायत, आणि त्यातल्या एकीने खूप विचार करून असं कॅरेक्टर बनवलंय की जे कुणाच्या बापाला घाबरत नाही, आणि तुमच्या एका ओळीत तिची मान खाली गेली. ती बहुतेक भांडणार नाही. ती हळूहळू तुमच्या थ्रेडमधे यायची बंद होईल आणि तुम्हाला कारण कळणारही नाही. त्यापेक्षा जे डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं तेवढं लिहा. गालावरचा जुना वण, न बोलता पट्ट्याची मूठ पुसत बसणं, बोलताना आवाज न चढवणं. जरब वाटली तर ती समोरचा लिहील, आणि त्याने स्वतःहून लिहिलेली जरब ही तुम्ही लादलेल्या जरबेपेक्षा कितीतरी खरी वाटते, कारण ती मिळवलेली असते.

आता हुद्द्याबद्दल, कारण तुमच्या शीटमधे मला सगळ्यात जास्त खटकला तो दांडपट्टा नाही आणि जनावरांवरचा हुकूमही नाही, सरनोबत खटकला. हुद्दा हीपण ताकदच आहे, आणि ती तलवारीपेक्षा जास्त अडचणीची, कारण तलवारीचा वार चुकवता येतो, हुकूम चुकवला तर तो गुन्हा ठरतो. तुम्ही सरनोबत झालात की घोडदळातल्या सगळ्या खेळाडूंना तुमचं ऐकावं लागतं, नाहीतर त्यांचं कॅरेक्टर फितूर ठरतं. म्हणजे शीट पास झाली त्या क्षणी तुम्ही पाच-सात लोकांचा निर्णय आधीच घेऊन ठेवला. शिवकालीन घोडदळाची रचना आठवा, 25 बारगीरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार, 10 जुमलेदारांवर एक हजारी, त्यावर पंचहजारी आणि मग सरनोबत. मधे केवढ्या पायऱ्या आहेत बघा. रुद्राजीला हवालदार करा. त्याच्या हाताखाली 25 माणसं आहेत, म्हणजे पराक्रमाला जागा आहे, आणि वर जुमलेदार आहे, म्हणजे त्याला कुणाचं तरी ऐकावंही लागतं आणि कधी त्या ऐकण्यावरून मनात जळावंही लागतं. वर चढायला जागा राहिली की थ्रेड आपोआप सुचतात. आणि हुकूम देतानाही तीच शिस्त, ‘रुद्राजीने मागच्या तुकडीला खिंडीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं’ एवढंच, ते थांबले की नाही ते तुकडीत जे खेळाडू आहेत त्यांना लिहू दे. (खऱ्या ऐतिहासिक व्यक्ती कॅरेक्टर म्हणून आम्ही कुणालाच देत नाही, त्यांच्या बाबतीत समोरचा मोकळेपणाने लिहूच शकत नाही, आणि ते बरोबरच आहे.)

शीटमधल्या मर्यादांबद्दल बोलू. मॉडने ‘कमी करा’ म्हटलं की बहुतेक लोक शेवटी एक ‘दुबळेपणा’ नावाचा रकाना भरतात आणि त्यात लिहितात, आईची आठवण आली की हळवा होतो, किंवा अमावस्येला शक्ती जाते. हळवेपणा ही मर्यादा नाही, तो स्वभाव आहे, लढाईत त्याचं कुणी काही करू शकत नाही. अमावस्या ठीक आहे पण तुमच्या थ्रेडमधे ती कधी येणार? मर्यादा अशी पाहिजे की दुसरा खेळाडू खेळता खेळता तिच्यापर्यंत पोचू शकेल. आपल्या पुराणातली माणसं बघा ना, त्यांच्याइतकी ताकदवान कॅरेक्टर्स कुठे मिळणार. कर्णाला जन्मजात कवचकुंडलं आहेत, पण मागितलं की देतो हा त्याचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, आणि इंद्र तिथूनच येतो. भीष्म शिखंडीवर शस्त्र उचलत नाही, हे पांडवांना कळू शकतं आणि ते वापरू शकतात. दुर्योधनाची मांडी उरते. प्रत्येकात एक दार आहे आणि ते दार कथेतल्या दुसऱ्या माणसाला सापडण्यासारखं आहे. हिरण्यकशिपूचं बरोबर उलटं आहे, दिवसा नको रात्री नको, घरात नको बाहेर नको, माणसाकडून नको जनावराकडून नको, त्याने एकेक दार बंद करून घेतलं. मग ती कथा त्याच्याबद्दल कमी आणि पळवाट शोधण्याबद्दल जास्त होते. रोलप्लेमधे हेच घडतं. तुम्ही जितकी दारं बंद कराल तितका समोरचा तुमच्याशी खेळायचं सोडून फक्त फट शोधत बसेल, आणि मग ‘हो पण माझ्या शीटमधे लिहिलंय’ असे वाद सुरू होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे किंमत. जादू असू दे, पण ती वापरली की काहीतरी जातं, आणि ते त्याच थ्रेडमधे दिसलं पाहिजे. तुमची जखम रातोरात भरते ना, तर त्या रात्री ताप चढू दे, शुद्ध हरपू दे, कुणीतरी उशाशी बसून राखण करायला लागू दे. एकदम बघा काय होतं, जी शक्ती आधी इतरांना बाहेर ठेवत होती तीच आता दुसऱ्या खेळाडूला आत बोलावते, राखणीला कोण बसणार, तो विश्वासाचा आहे का, आणि शत्रूने नेमका तेव्हाच छापा घातला तर. जनावरांचंही तसंच, सगळं जंगल हुकुमात ठेवू नका. एकच वाघीण ठेवा जी त्याला ओळखते पण त्याच्या मालकीची नाही, कधी येते कधी येत नाही, आणि येईल की नाही ते मॉडला किंवा समोरच्याला ठरवू द्या. हे मी आमच्याकडे खूपदा सुचवतो आणि लोक आधी नाराज होतात, नंतर स्वतःहून अशा गोष्टी वाढवायला लागतात, कारण त्यातूनच त्यांना सगळ्यात चांगले सीन मिळतात.

आणि बऱ्याच मर्यादा मुळात तुम्हाला शोधायलाही लागत नाहीत, तो काळ आणि तो मुलूखच देतो. तोड्याची बंदूक आहे तर जळता तोडा लागणार, धो धो पावसात तोडा विझतो, दारू भिजते, आणि एक बार काढला की पुन्हा भरायला वेळ जातो. पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या, दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडायच्या. राजगड ते पुणे 50-60 किलोमीटर, मधे डोंगर आणि ओढे, तेव्हा सकाळी राजगडावर मसलतीत बसलेला रुद्राजी त्याच सकाळी पुण्यात कुणाला वाचवायला हजर होऊ शकत नाही. असं हजर होणं हे ओपीचंच एक रूप आहे, लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. मी प्रत्येक थ्रेडच्या पहिल्या पोस्टमधे ठिकाण, महिना आणि वेळ लिहायला सांगतो, अर्धे वाद तिथेच मिटतात.

वार लागण्याबद्दल. सगळे वार चुकवणारं कॅरेक्टर हेही गॉडमोडिंगच, फक्त ते बचावाचं. मी मोजमाप देत नाही, पण समोरच्याने चांगला विचार करून लिहिलेला वार आला, त्यात कष्ट दिसले, तर तो लागू द्या. पूर्ण नको, निसटता लागू द्या. आणि लागला की तो लक्षात ठेवा. खांद्याला भाला लागलाय आणि पुढच्या थ्रेडमधे, तीन दिवसांनी, हा गडी दोराने कडा चढतोय, असं वाचलं की समोरच्याला कळतं की आपण लिहिलेल्याला इथे काही किंमत नाही. उलट पुढच्या पोस्टमधे नुसतं ‘डावा हात अजून वर जात नव्हता’ असं आलं की ज्याने तो वार लिहिला होता तो तुमच्यासोबत आनंदाने लिहीत राहतो.

तुम्ही विचारलंत की फेअर म्हणजे हरायचं का. ह्यावर मला बाजीप्रभू आठवतात. जुलै 1660, भर पावसात पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निघाले, मागे सिद्दी जौहरची फौज, आणि घोडखिंडीत मूठभर माणसं घेऊन बाजीप्रभू उभे राहिले. त्यांना शत्रूची फौज संपवायची नव्हती, विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नव्हती. पराक्रमाचं ह्याहून मोठं उदाहरण आपल्याकडे काय आहे, आणि तरी त्यात समोरच्याला चिरडणं हा हेतूच नाही. रोलप्लेमधल्या लढाईला असा हेतू द्या. पत्र पोचवायचंय, दरवाजा एका घटकेसाठी उघडा ठेवायचाय, एका माणसाला जिवंत पकडायचंय. मग दोन्ही बाजूंना काही मिळवता येतं आणि काही गमावता येतं. नुसतं ‘कोण कोणाला मारतो’ असलं की दोघांपैकी एकाची मजा संपणारच.

माझी स्वतःची पद्धत तर अशी की मोठी लढाई असेल तर निकाल आधीच ओओसीमधे (आउट ऑफ कॅरेक्टर, म्हणजे कथेबाहेर आपसात बोलून) ठरवून टाकायचा. अनेकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं मग थरार काय राहिला. त्यांनी कोकणात एखाद्या जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार बघावा. तिथे संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलेलं असतं आणि बाकी सगळं कलाकार रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. राक्षस शेवटी हरणार हे त्यालाही माहीत असतं, प्रेक्षकांनाही माहीत असतं. आणि तरीही पखवाजावर युद्ध सुरू झालं की लोक जागचे हलत नाहीत, कारण राक्षस करणारा नट जीव तोडून लढतो, त्याला हरण्याची भीतीच नसते, त्याचं सगळं लक्ष हरेपर्यंतचं काम चांगलं करण्याकडे असतं. टेक्स्टमधेही तेच होतं. आपण हरणार हे ज्याने मान्य केलंय तो प्रत्येक वाराला अडून बसत नाही, जखमा मन लावून लिहितो, शेवटचे संवाद सुंदर लिहितो. ज्याला निकाल माहीत नाही तो वकिलासारखा लिहितो. सगळ्यांना हे जमेल असं नाही, काहींना निकाल उघडा ठेवूनच मजा येते, त्यांच्याशी तसं खेळा, पण एकदा विचारून तरी बघा. मेसेज साधा असतो: ‘उद्याच्या झटापटीत रुद्राजीने खिंड राखावी असं माझ्या डोक्यात आहे, बदल्यात तुमच्या यशवंताने त्याचा घोडा आणि ती थैली पळवली तर चालेल का?’ बहुतेक लोक हो म्हणतात, आणि वर स्वतःची एखादी भारी कल्पना देतात.

मेटागेमिंगवर थोडक्यातच. तुम्ही वाचलेलं आणि रुद्राजीला माहीत असलेलं ह्यात गल्लत करू नका. दुसऱ्या थ्रेडमधे गंगूबाई फितुरीची चिठ्ठी लिहिताना तुम्ही वाचली असेल, पण रुद्राजी तेव्हा दुसऱ्या गडावर होता. ही माहिती ह्याला कुणी, कुठे, कोणत्या पोस्टमधे दिली, असं स्वतःला विचारा, ती पोस्ट दाखवता आली नाही तर रुद्राजीला ते माहीत नाही. ‘त्याला संशय आला’ ही पळवाटही वापरू नका, संशयालाही कारण लागतं.

उलट बाजू. समोरचाच गॉडमोडिंग करत असेल तर? पहिली गोष्ट, तसंच उत्तर देऊ नका, म्हणजे त्याने तुमचा हात तोडला म्हणून तुम्ही त्याचं मुंडकं उडवायचं नाही, तिथून थ्रेड परत येत नाही. दुसरी, थ्रेडमधे कॅरेक्टरच्या तोंडून टोमणे मारू नका. त्याला वेगळा मेसेज करा आणि नेमकं वाक्य उचलून दाखवा, ‘तू गॉडमोड करतोस’ असं म्हटलं की माणूस चिडतो, ‘ह्या वाक्यात माझा यशवंत पडला असं आलंय, ते मला लिहू देशील का, वार मी थोडा लागू देतो’ असं म्हटलं की बहुतेक वेळा तो लगेच एडिट करतो. कारण बरेच जण मुद्दाम करत नाहीत, त्यांनी एकट्याने कथा लिहिलेल्या असतात आणि तिथे सगळी पात्रं त्यांचीच असतात. दोनदा सांगूनही काही बदललं नाही तर मॉडकडे जा, स्क्रीनशॉट नाही, त्या पोस्टची लिंक द्या म्हणजे त्यांना पूर्ण संदर्भ दिसतो. आणि हेही तितकंच खरं की काही लोक जरा कुठे कुणी हुशार कॅरेक्टर आणलं की ओपी ओपी ओरडतात. तरबेज असणं म्हणजे ओपी नव्हे. तुमच्या पोस्ट फेअर असतील, समोरच्याला जागा सोडलेली असेल, तर अशा वेळी मॉडने तुमच्या बाजूने उभं राहायला हवं, आणि ‘कमी करा’ एवढंच लिहून शीट परत पाठवणं हेही मला योग्य वाटत नाही, काय कमी करायचं आणि का, ते सांगणं मॉडचं कामच आहे.

आता तुमच्या शीटसाठी माझी सूचना एकत्र लिहितो. दांडपट्टा जसाच्या तसा ठेवा, तो तुमचा आवडता आहे आणि त्याने कुणाचं नुकसान होत नाही. सरनोबताचा हवालदार करा. जखमा भरण्याला त्या तापाची किंमत लावा, जनावरांऐवजी एक वाघीण. मर्यादेच्या रकान्यात असं काही लिहा जे दुसरा वापरू शकेल, उदाहरणार्थ दिलेला शब्द तो मोडत नाही आणि हे अख्ख्या गडाला माहीत आहे. मग ज्या दोघांनी रिप्लाय बंद केला त्यांना मेसेज करा, सफाई देत बसू नका, सरळ म्हणा की माझ्या पोस्टमधे तुमच्या कॅरेक्टरबद्दल जे आलंय ते मी काढतोय, त्या वारापासून पुन्हा सुरू करूया का. एडिट करून मगच मेसेज पाठवा, म्हणजे त्यांना बदललेलं वाक्य लगेच दिसेल. दोघांपैकी एक जण तरी परत येईल असं मला वाटतं, आणि तो आला की पहिला वार त्याला लिहू द्या.